मातीला हात न लावता मूर्ती : पणजीतल्या व्हीआर स्टुडिओत तीनदा जाऊन आलो, त्याचा अनुभव

आमची माशेलला चित्रशाळा आहे, आजोबांपासूनची, चवथीच्या मूर्ती करतो, सगळ्या चिकणमातीच्या. घरगुती गणपती साच्यातून आणि हाताने दोन्ही होतात पण मंडळाची मोठी मूर्ती असली की ती बाबाच करतात, पूर्ण हाताने. यंदा फोंड्याकडच्या एका मंडळाने चार फुटांची ललितासनातली मूर्ती सांगितली, म्हणजे एक पाय दुमडलेला आणि एक खाली सोडलेला, आणि त्यांचं म्हणणं असं की आधी कशी दिसेल ते दाखवा मगच काम चालू करा. कागदावर स्केच दिलं तर म्हणाले समोरून कळलं, बाजूने कशी दिसेल? मातीचं छोटं मॉडेल करून दाखवायचं तर आठवडा जातो आणि बदल सांगितला की परत मोडा. तेव्हा भाच्याने सांगितलं की मामा पणजीत व्हीआरचा, म्हणजे आभासी जगाचा, एक स्टुडिओ आहे, तिथे तासावर हेडसेट मिळतो, हवेत मूर्ती करता येते आणि खऱ्या मापात उभी करून बघता येते.

मे महिन्यात तीन वेळा गेलो, एकदा भाच्याबरोबर, एकदा बाबांना घेऊन, आणि तिसऱ्यांदा स्टुडिओचा माणूस हेडसेट घेऊन आमच्याबरोबर थेट मंडपाच्या जागेवर आला. स्टुडिओचं नाव लिहीत नाही, हेडसेट कुठल्या कंपनीचा तेही लिहीत नाही, कारण तक्रारी पण आहेत, आणि मला इथे कोणाचं नाव खराब करायचं नाही. अनुभव मात्र जसा आला तसा लिहितो, आमच्यासारखं हाताचं काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून.

हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधायचा अर्ध्या किलोच्या आसपासचा डबा, वायर नाही, कॉम्प्युटरला जोडायचा नाही, सगळं आतच. आत प्रत्येक डोळ्यासमोर वेगळं चित्र असतं, डाव्या डोळ्याला थोडं डावीकडून दिसणारं आणि उजव्याला थोडं उजवीकडून, आणि डोकं ते दोन्ही जोडून जवळ-लांबचा भास तयार करतं. ही युक्ती जुनीच आहे, चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्येच आरसे लावून दोन रेखाचित्रांतून हे दाखवलं होतं. नवं काय तर तुम्ही मान हलवली, वाकलात, एक पाऊल पुढे गेलात की चित्रही तेवढंच बदलतं, आणि ते इतक्या पटकन बदलावं लागतं की साधारण वीस मिलिसेकंदाच्या वर उशीर झाला तर शरीराला खटकायला लागतं आणि मळमळतं. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँडने अमेरिकेत असा पहिला डोक्यावरचा डिस्प्ले केला तेव्हा तो इतका जड होता की छताला टांगावा लागला होता, आणि दिसायचं काय तर नुसत्या रेषांचा चौकोनी ठोकळा. आज पणजीत बसून बाबांनी त्यातच गणपतीचं पोट गोल केलं, हे मला अजून खरं वाटत नाही.

पहिल्या दिवशी मात्र डोकं दुखलं. कारण नंतर कळलं. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटर असतं पण माणसागणिक बदलतं, आणि हेडसेटमध्ये लेन्सचं अंतर तुमच्या डोळ्यांप्रमाणे लावून घ्यावं लागतं. तिथल्या मुलाने आम्हाला हेडसेट घातला, स्ट्रॅप आवळला आणि चालू केला, अंतर लावलंच नाही. वीस मिनिटांनी भुवयांच्या मध्ये ठणकायला लागलं. दुसऱ्या वेळी एक मुलगी होती, तिने आधी विचारलं, काका चष्मा आहे का, नंबर काय, मग अंतर लावलं, मग म्हणाली बाजूचं अक्षर दोन दोन दिसतंय का एकच. तासभर काही झालं नाही. म्हणजे वस्तू तीच, लावणारा माणूस वेगळा. तुम्ही गेलात तर आधी हे मागून घ्या.

आता मुख्य गोष्ट, हवेतल्या वस्तूला हात कसा लावायचा. दोन रीती आहेत, एक कंट्रोलर हातात धरून आणि एक मोकळ्या हाताने. मोकळ्या हाताने म्हणजे हेडसेटवरचे कॅमेरे तुमची बोटं बघतात, अंगठा आणि तर्जनीची चिमूट केली की धरलं, सोडली की सुटलं. ऐकायला हे एकदम आमच्या कामासारखं वाटतं ना, बोटांचंच काम, म्हणून मी बाबांना मुद्दाम मोकळ्या हातानेच सुरू करायला लावलं, आणि तिथेच अडलं. बाबा माती दाबतात ती अंगठ्याच्या पोटाने, तळहात स्वतःपासून लांब वळवून, आणि तसा हात केला की बोटं हाताच्या मागे जातात, कॅमेऱ्याला फक्त हाताची पाठ दिसते. कॅमेरा तेव्हा अंदाज बांधतो आणि अंदाज चुकतो. बाबा दाबतायत आणि मूर्तीवर काहीच होत नाही, किंवा भलतीकडे खड्डा. हा दोष त्या एका हेडसेटचा नाही, कॅमेऱ्याने हात बघणाऱ्या सगळ्याच यंत्रांना ही अडचण आहे, जे दिसत नाही ते त्यांना कळत नाही.

कंट्रोलर घेतल्यावर काम सुरळीत झालं. प्रत्येक हातात एक, तर्जनीखाली ट्रिगर, मधल्या बोटाखाली पकडायचं बटण. ट्रिगर हलका दाबला तर माती थोडी लागते, जोरात दाबला तर जास्त. पकडायचं बटण दाबून मूर्ती उचलायची, फिरवायची, आणि दोन्ही हातांनी धरून हात लांब केले की मूर्ती मोठी, जवळ आणले की लहान. हे दोन हातांनी ताणणं मला सगळ्यात आवडलं. कानाजवळची घडी करायची होती तेव्हा डोकं आमच्या टेबलाएवढं केलं, आत जाऊन काम केलं, आणि परत चार फुटांचं केलं. मातीत हे कधीच शक्य नाही, तिथे बारीक कामाला आपण बारीक व्हायचं असतं. सिमेट्री चालू केली की डाव्या कानावर केलेलं उजव्या कानावर आपोआप. अनडू आहे. बाबांना अनडूचं खूप नवल वाटलं, चाळीस वर्षं ज्या माणसाने एकदा कापलेली माती परत तशीच बसवायचा प्रयत्न केलाय त्याला एका बटणाने ती परत आलेली दिसली तेव्हा त्यांनी तीन-चारदा मुद्दाम कापून परत आणून बघितली.

लांबची वस्तू घ्यायची तर हातातून एक किरण निघतो, लेझरसारखा, तो वस्तूवर टेकवून ट्रिगर दाबायचा. जवळची असली तर सरळ हात घालून धरायची. १९९६ मध्ये गो-गो नावाची एक पद्धत संशोधकांनी मांडली होती, त्यात हात थोडा पुढे केला की आभासी हात त्याच्यापेक्षा जास्त लांब जातो, म्हणजे बसल्या जागेवरून लांबची वस्तू आणता येते. आणि आता डोळ्यांनी निवडायचं पण आलंय, ॲपलचा व्हिजन प्रो हेडसेट २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत आला त्यात ज्याच्याकडे बघाल ते निवडलं जातं आणि मांडीवर हात ठेवूनच चिमूट केली की झालं. मायक्रोसॉफ्टच्या २०१६ च्या पहिल्या होलोलेन्स हेडसेटमध्ये डोकं वस्तूकडे वळवून हवेत बोट टेकवायचं होतं, २०१९ च्या दुसऱ्यात सरळ हाताने धरता यायला लागलं. माझं मत विचाराल तर मूर्तीकामाला किरण किंवा नजर उपयोगाची नाही, मेनू उघडायला ठीक. कामाला हातच वस्तूजवळ जायला पाहिजे, नाहीतर मनगट किती वळलं याचा अंदाज जातो.

आणि हात दुखतात. हवेत हात धरून अर्धा तास काम करून बघा. चित्रशाळेत कोपर मांडीवर टेकलेलं असतं, एक हात पाटावर असतो, मातीचाच हाताला आधार मिळतो. इथे आधार कुठेच नाही. आम्ही मग खुर्चीत बसून, मूर्ती छातीच्या उंचीला आणून, कोपरं खुर्चीच्या हातावर टेकून काम केलं, ते बरं पडलं. डोळ्यांचं पण तसंच, अगदी जवळ, वीतभर अंतरावर आणून बारीक काम केलं की डोळे थकतात, कारण बहुतेक हेडसेटमध्ये लेन्सचा फोकस मीटर-दोन मीटरवर ठरलेला असतो, डोळे जवळच्या वस्तूसाठी आत वळतात पण फोकस मात्र लांबचाच ठेवावा लागतो, आणि या दोघांची ओढाताण होते. उपाय सोपा, वस्तू जवळ आणू नका, लांब ठेवून मोठी करा.

बाबांबद्दल एक सांगतो. पाच-दहा मिनिटं त्यांनी कंट्रोलरने सोंडेचा आकार काढला, चांगला जमला, आणि मग कंट्रोलर एका हातात घेऊन दुसरा हात त्यांनी उजवीकडे खाली नेला आणि चाचपडायला लागले. मी विचारलं काय पाहिजे. म्हणाले, "उदक खंय आसा?" चित्रशाळेत पाण्याची वाटी त्यांच्या उजव्या बाजूला असते, बोट ओलं करून शेवटचा हात फिरवायला. डोळ्यांना समोर मूर्ती खरीच दिसत होती म्हणून हात आपोआप पाण्याला गेला. पाणी नाही म्हटल्यावर त्यांनी कंट्रोलर माझ्याकडे दिला आणि रिकाम्या बोटाने सोंडेवरून हात फिरवला, आणि बोट आरपार गेलं. त्यांनी परत फिरवला. मग हेडसेट काढून ठेवला आणि थोडा वेळ गप्प बसले. मला तो क्षण फार लागला. डोळ्यांना सगळं मिळालं होतं, हाताला काहीच नाही. कंट्रोलर थरथरतो, मातीला लागला की बारीक बझ होतं, पण ते म्हणजे लागलं एवढंच सांगतं, ओली आहे की सुकायला आलीय, आत खडा आहे का, कुठे पातळ झालीय, हे काही सांगत नाही. आमचं निम्मं काम तेच असतं.

दुसरी गोष्ट बाबांनीच पकडली आणि ती मला सुचली नसती. भाच्याने सोंड खूप सुंदर काढली होती, पोटापासून सुटलेली, पुढे येऊन डावीकडे वळलेली, टोकाला मोदक. बाबा म्हणाले ही उभी राहणार नाही. त्या आभासी मातीला वजनच नाही, ती ओघळत नाही, सुकताना आक्रसत नाही, तडकत नाही. हवेत काढलेला हात हवेतच राहतो. खऱ्या चिकणमातीत एवढी सुटलेली सोंड आत काठी घातल्याशिवाय राहायची नाही आणि काठी घातली तर माती सुकून आक्रसताना काठीवर फाटते. गोव्यात पीओपीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, पण म्हणून डिझाइन करताना माती डोक्यात ठेवूनच करावं लागतं, आणि सॉफ्टवेअरला माती माहीतच नाही. ज्यांना मातीचं काम येत नाही त्यांनी तिथे बसून डिझाइन करून मूर्तिकाराला आणून दिलं तर भांडणं होतील, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

मग पैसे वाया गेले का? अजिबात नाही, आणि त्याचं कारण तिसरी वेळ.

मंडपाच्या जागेवर, अजून नुसता पत्र्याचा मांडव आणि चौथरा होता, तिथे हेडसेटमधला पासथ्रू चालू केला, म्हणजे बाहेरच्या कॅमेऱ्यातून खरी जागा दिसते आणि त्यात आपली मूर्ती उभी. सुरुवातीला गडबड झाली. संध्याकाळचे सात, एकच ट्यूब, मागे कोरा पांढरा पडदा, आणि मूर्ती चौथऱ्यावर राहीच ना, हळूहळू सरकत डावीकडे जायची. स्टुडिओच्या माणसाने सांगितलं की हेडसेट स्वतःची जागा आजूबाजूच्या कोपऱ्यांवरून, कडांवरून, डागांवरून ओळखतो, अंधार असला किंवा भिंत कोरी असली की त्याला धरायला काही मिळत नाही. मंडळाच्या पोरांनी हॅलोजन लावला, पडद्यासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दोन जुने बॅनर ठेवले, आणि मूर्ती जागेवर बसली ती बसलीच. दुपारी करायला हरकत नव्हती पण उन्हात हेडसेट नेऊच नये, लेन्समधून ऊन आत गेलं तर भिंग धरल्यासारखं आतला स्क्रीन जळतो.

कमिटीतल्या सहा जणांनी एकेक करून घातला. अध्यक्ष समोरून बघून म्हणाले छान. मग एक ताई, त्या मंडळात आरतीचं बघतात, त्या म्हणाल्या मी दारातून येते. मंडपाचं प्रवेशद्वार डावीकडे आहे. त्या हेडसेट घालून दारापर्यंत गेल्या, भाच्याने हात धरून नेलं, आणि तिथून वळून बघितलं आणि म्हणाल्या, अरे, इथून देवाचा चेहराच दिसत नाही. आम्ही सगळ्यांनी मग दारातून बघितलं. खरंच. मूर्तीचा उजवा हात अभयमुद्रेत वर होता, आणि डावीकडच्या दारातून येणाऱ्याला आधी तो हातच दिसतो, गाल आणि डोळा त्याच्यामागे झाकला जातो, सोंड डावीकडे वळलेली म्हणून तीही पलीकडे. माणूस आत पाऊल टाकतो ते दर्शनासाठी आणि पहिलं दर्शन कोपराचं. मी तर चौथऱ्याची उंची लिहून घेतली होती, दाराची नाही. स्केचवर हे कळलं नसतं, फोनवर थ्रीडी फिरवून बघितलं असतं तरी कळलं नसतं, कारण फोनवर आपण मूर्ती फिरवतो, आणि दर्शनाला येणारा माणूस मूर्ती फिरवत नाही, तो स्वतः चालत येतो.

तिथल्या तिथे भाच्याने कंट्रोलरने हात चार बोटं खाली घेतला, कोपर थोडं बाहेर, आणि मान जराशी दाराकडे. ताई परत दारात गेल्या. दिसतोय, म्हणाल्या. मग एक गृहस्थ गुडघ्यावर बसले, म्हणाले लहान पोरांना कसं दिसतं बघतो, तिथून पोट फार मोठं वाटलं म्हणून ते थोडं आत घेतलं. अर्ध्या तासात जे ठरलं ते नेहमी मूर्ती मंडपात आणल्यावर, रंग झाल्यावर कळतं, आणि तेव्हा गप्प बसण्याशिवाय इलाज नसतो. तेवढ्यासाठी मी परत जाईन, दर वर्षी जाईन.

नंतर फाईल एक्सपोर्ट करून फोंड्यात एका ठिकाणी आठ इंचाचं थ्रीडी प्रिंट काढून घेतलं. ते आता बाबांच्या समोर फळीवर आहे आणि कंपासने मापं घेऊन सहापट करून ते काम करतायत. सोंड त्यांनी त्यांच्या मनाने पोटाला टेकवून घेतलीय, ती प्रिंटमध्ये नाही.

आता स्टुडिओबद्दल. भाडं तासाला आठशे, हेडसेट बाहेर न्यायचा तर त्यांचा माणूस आणि गाडी धरून अडीच हजार घेतले, मला ते वाजवी वाटलं. पण तास सुरू होतो तुम्ही आत पाय ठेवल्यापासून, आणि हेडसेट लावणं, मोजणं, शिकवणं यात पहिली वीस मिनिटं गेली, ती धरायला नको होती. एक्सपोर्टचे वेगळे पाचशे आहेत हे शेवटी सांगितलं, आधी सांगायला हवं होतं, पैशाचा प्रश्न नाही, सांगण्याचा आहे. पहिल्या दिवशी चेहऱ्याला लागणारं स्पंज आधीच्या माणसाच्या घामाने ओलं होतं, मे महिन्याच्या गोव्यात हे चालायचं नाही, बोललो तेव्हा बदललं, आणि पुढच्या दोन्ही वेळी धुता येणारं रबरी कव्हर लावलेलं होतं, म्हणजे ऐकून घेतात. लेन्स मात्र तिथला मुलगा सॅनिटायझरने पुसत होता, ते बंद करा असं मी सांगितलं, लेन्सचा थर जातो, कोरडं मऊ फडकंच पाहिजे, चष्म्याचं असतं तसं. एसीतून बाहेर दमट हवेत आणला की लेन्सवर वाफ धरते, मंडपात आमची पाच-सात मिनिटं त्यातच गेली, थोडा आधी बाहेर काढून ठेवला असता तर वेळ वाचला असता. बॅटरी दोन तासांच्या आसपास चालली, बाहेर नेणार असाल तर पॉवर बँक खिशात ठेवा आणि वायर लांब घ्या. लहान मुलांना नेणार असाल तर आधी विचारा, कंपन्याच वयाची अट घालतात, आणि गाडी लागणाऱ्या माणसाने पहिल्यांदा बसूनच बघावं, वस्तू हलवावी पण आभासी जागेत चालत सुटू नये.

चष्मेवाल्यांनी मोठ्या फ्रेमचा चष्मा नेऊ नका, बाबांचा जुना चौकोनी आत बसलाच नाही, माझा दिला. आणि जाताना मापं घेऊन जा, चौथरा किती, दार कुठे, छत किती, समई कुठे लागते, हार घालायला माणूस कुठून चढतो. डोळ्यांचं अंतर नीट लावणारी ती मुलगी सकाळच्या वेळेला असते, दहा ते दोन, फोन करून तीच आहे का विचारा. रविवारी पोरांची गेम खेळायला गर्दी असते, कामासाठी जाणाऱ्यांनी मंगळवार-बुधवार बघा, आणि चवथीची मूर्ती ठरवायची असेल तर मे संपायच्या आत, जूनला आमच्या हाताला माती लागली की मग बदल सांगू नका.